पिवळ्या पानाची बखर

पान पिवळं पडलं की आपण त्याला एक नाव देऊन मोकळे होतो. ऊस पिवळा पडला की 'केवडा' आला. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की 'हळद्या' आला, आणि काही भागात त्यालाही केवडाच म्हणतात. नावं मोठी देखणी आहेत हं! रोगाला फुलाचं नाव देणारी भाषा विरळाच असेल. पण यातली मेख अशी की उसाचा केवडा बहुतेक वेळा लोह कमी पडल्याने येतो आणि भेंडीचा केवडा येतो विषाणूमुळे, तो पांढरी माशी पसरवते. एकाला हिराकस फवारायचा, दुसऱ्याला उपटून जाळायचं. नाव एक, रंग एक आणि उपाय एकदम उलट.

हे सगळं मी आत्ता का उकरून काढतोय? तर गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या कढीपत्त्यावरून इथल्या मराठी मंडळींत बराच खल झाला. हे झाड काकूंच्या सासूबाईंनी लावलेलं. सासूबाई आता नाहीत, पण झाडाच्या मुळांतून फुटलेली पिल्लं गावातल्या सहा घरांत वाढताहेत. आमच्या मिनेसोटात डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, बाहेर उणे पंधरा, त्यामुळे ही सातही झाडं हिवाळाभर घरात, एलईडी दिव्यांखाली. जानेवारीत काकूंचं झाड पिवळं पडलं. कुणीतरी सांगितलं की हा लिंबू-संत्र्यांचा 'ग्रीनिंग' रोग आहे, कढीपत्ता त्याच कुळातला, तेव्हा झाड फेका आणि त्याची सहा पिल्लंही फेका. दुसऱ्याने सांगितलं, काही नाही, लोह कमी पडलंय, कुंडीत गंजके खिळे पुरा. तिसऱ्याचं म्हणणं, ताक ओता. काकूंनी मला फोन केला, "अरे, तू एवढं वाचत असतोस, बघून सांग बाबा. फेकायचं म्हणजे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी काही वनस्पतीशास्त्राचा माणूस नव्हे. पण वाचायला लागलो आणि लक्षात आलं की या तीनही सल्ल्यांना दीड-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. (ताकाचा बहुधा त्याहून जुना असेल.)

सुरुवात माणसांपासून करावी लागते. युरोपात तरुण मुलींना एक आजार होत असे. चेहरा फिकट, थोडीशी हिरवट झाक, दम लागणं, छातीत धडधड. योहानेस लांगे नावाच्या जर्मन वैद्याने १५५४ साली याचं वर्णन केलं आणि मुलीच्या वडिलांना उपाय काय सांगितला? तर हिचं लग्न करून टाका! (सल्लागार मंडळी सगळ्या देशांत सारखीच.) पुढे या आजाराला ग्रीक शब्दावरून 'क्लोरोसिस' नाव पडलं. ग्रीकमध्ये 'क्लोरोस' म्हणजे पोपटी, पिवळट हिरवा. सतराव्या शतकात लंडनच्या सिडनहॅमने लग्नाऐवजी लोखंडाचा कीस द्यायला सुरुवात केली आणि १८३२ साली फ्रान्सच्या ब्लोने हिराकसाच्या गोळ्या काढल्या. त्या इतक्या चालल्या की पुढची शंभर वर्षं दवाखान्यांतून मिळत होत्या. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. चरकाने पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितलंय, त्यात लोहच आहे. मंडूर म्हणजे तर लोखंडाचं जुनं कीट.

आता यूझेब ग्री या माणसाकडे वळू. शातियों-स्यूर-सेन या फ्रेंच गावात राहणारा हा रसायनशास्त्राचा जाणकार. १८४० च्या दशकात त्याने एक साधा, पण तोवर कुणी धड न केलेला प्रयोग केला. झाडाची पानं पिवळी पडतात, त्यालाही लोक क्लोरोसिसच म्हणत. मग मुलींना जे औषध चालतं ते झाडांना का चालू नये? त्याने पिवळ्या झाडांच्या मुळांना हिराकसाचं पाणी घातलं, पानांवर ते ब्रशने लावलं, आणि जिथे लावलं तिथे पान हिरवं झालं. १८४३ साली त्याने हे छापलं. पुढे त्याचा मुलगा आर्थर याने सूक्ष्मदर्शकाखाली बघून दाखवलं की लोह न मिळालेल्या पानांत हिरवे कण नीट तयारच होत नाहीत. १८६० मध्ये युलियुस साक्सने माती अजिबात न वापरता, नुसत्या क्षारांच्या पाण्यात मका वाढवला. लोह वगळलं की मक्याची नवी पानं पांढरीफटक येत आणि लोह दिलं की हिरवी होत. इथे प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. रक्तात लोह, पानात लोह, दोन्हीकडे फिकटपणावर एकच औषध. किती सुंदर जुळलं!

पण इतकं सुंदर जुळलं की मला थोडा संशय येतो. तो इथे खरा ठरला. रिशार्ड विलश्टेटर या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेहून जास्त वनस्पतींतून हरितद्रव्य वेगळं काढलं आणि दाखवून दिलं की हरितद्रव्याच्या गाभ्यात लोह नाहीच, मॅग्नेशियम आहे. १९१५ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे ग्रीचं औषध बरोबर होतं, त्यामागचा तर्क मात्र तसा नव्हता. लोह हरितद्रव्याचा भाग नसतं. ते बनवण्याच्या कामात लागतं. घरात पोळपाट-लाटणं नसेल तर पोळी होत नाही, पण पोळीत काही लाटणं नसतं, तसंच.

या साध्या फरकामुळे पुढे सगळा घोळ झाला. कारण पान पिवळं करणारी एकच गोष्ट नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. मॅग्नेशियम नसेल तरी पिवळं, लोह नसेल तरी पिवळं, नत्र नसेल तरी पिवळं. मग गंधक आलं, मँगनीज आलं, जस्त आलं. १९२० आणि ३० च्या दशकांत दर थोड्या वर्षांनी कुणीतरी नवं मूलद्रव्य 'आवश्यक' असल्याचं सिद्ध करत होतं. शेवटी १९३९ साली कॅलिफोर्नियात आर्नन आणि स्टाउट यांनी 'आवश्यक' कशाला म्हणायचं याचे नियमच घालून दिले. मग हे सगळं नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं कसं?

इथे मला या बखरीतला सगळ्यात आवडलेला भाग सांगायचाय. पान कुठल्या रंगाचं झालं यापेक्षा कुठलं पान पिवळं झालं ते बघायचं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या अंगात फिरू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात गेलं की सहजी बाहेर निघत नाही. त्याची चणचण झाली की जुनी पानं हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जणू जाळी काढलीय. पहिल्या घरात वडीलधारी उपाशी राहून पोरांना वाढतात, दुसऱ्या घरात वडीलधाऱ्यांच्या ताटातलं उचलताच येत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला स्वतःचं धान्य स्वतः पिकवणं भाग पडलं, तेव्हा ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टनच्या संशोधन केंद्रातल्या टॉमस वॉलेसने १९४३ साली अशा लक्षणांचं रंगीत चित्रांचं पुस्तकच काढलं. युद्धात कागदाची मारामार असताना रंगीत चित्रं छापली यावरून त्याची निकड कळते. प्रयोगशाळा नसलेल्या शेतकऱ्याने पान चित्राशेजारी धरायचं आणि ओळखायचं.

आता गंजक्या खिळ्यांबद्दल. हा उपाय मी लहानपणी कोल्हापुरातही ऐकला होता. याचं उत्तर द्राक्षांच्या इतिहासात आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. उपाय म्हणून अमेरिकन जंगली वेलांच्या खुंटांवर फ्रेंच द्राक्षांची कलमं बांधायला सुरुवात झाली, कारण त्या मुळांना ही कीड सहन होते. बहुतेक ठिकाणी हे जमलं. पण कोन्याकच्या परिसरात, जिथे जमीन खडूसारखी पांढरी, तिथे कलमं पिवळी पडून मरायला लागली. जमिनीत लोह नव्हतं का? होतं की! पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत लोह विरघळत नाही, आणि न विरघळलेलं लोह मुळांना असून नसल्यासारखं. बँकेत पैसे आहेत पण खातं गोठवलंय.

म्हणून १८८७ साली फ्रान्सने प्येर व्हियाला या तज्ज्ञाला अमेरिकेत पाठवलं. काम एकच: खडूच्या जमिनीत हिरवी राहणारी जंगली द्राक्षवेल शोधून आण. टेक्सासमधल्या डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन नावाचा द्राक्षवेडा माणूस राहायचा. त्याने व्हियालाला टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बर्लांदिएरी ही जात दाखवली. तिच्या संकरातून निघालेले खुंट आजही फ्रान्सच्या खडूच्या जमिनींत वापरले जातात. फ्रेंच सरकारने १८८८ साली मन्सनचा सन्मान केला. डेनिसन आणि कोन्याक ही गावं आता एकमेकांची 'बहीण-शहरं' आहेत. आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, त्याचा वेल कशावर उभा आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, डॉगरिज. तोही टेक्सासचाच जंगली खुंट, खारट पाणी आणि दुष्काळ सोसणारा. आपल्या बागायतदारांना तो निराळ्या कारणासाठी लागला, पण वाट तीच.

तेव्हा गंजका खिळा म्हणजे न विरघळणाऱ्या लोहाच्या ढिगात आणखी एक चिमूट. आमच्या उपनगराला विहिरींचं पाणी येतं, भयंकर जड. केटलमध्ये महिन्याभरात पांढरी पुटं चढतात. वर्षानुवर्षं हे पाणी घातलेली कुंडी म्हणजे छोटं कोन्याकच. अशा कुंडीत खिळे पुरून काही होत नाही. हिराकस मुळाशी घातला तरी थोड्याच वेळात त्याचाही गंज होतो, म्हणून आपले ऊसवाले तो पानांवर फवारतात. ताकाचा सल्ला त्या मानाने शहाणपणाचा; आंबट ताकाने मातीचा अल्कधर्म किंचित उतरत असेल. अंगणातल्या झाडाला ते ठीक. बंद घरात हिवाळ्यात कुंडीत ताक ओतलं की आधी वास येतो आणि मग चिलटं. खरा तोडगा १९५० च्या सुमारास निघाला. लोहाला एका सेंद्रिय रेणूच्या नांगीत धरून ठेवायचं, म्हणजे चुना त्याला गाठू शकत नाही. याला 'चिलेट' म्हणतात, ग्रीकमध्ये खेकड्याच्या नांगीला जो शब्द आहे त्यावरून. फ्लोरिडातल्या पिवळ्या पडलेल्या संत्रा-मोसंबीच्या बागांवर स्ट्युअर्ट आणि लेनर्ड या दोघांनी ते वापरून दाखवलं. यातही प्रकार आहेत बरं का. दुकानात स्वस्तात मिळतं ते ईडीटीए, त्याची नांगी अल्कधर्मी मातीत सुटते. जड पाण्याच्या कुंडीला ईडीडीएचए नावाचं, लालभडक रंगाचं चिलेट लागतं.

पण औषध ठरवण्याआधी पहिल्या सल्ल्याचा निकाल लावणं भाग होतं. तो सगळ्यात भीतीदायक, आणि त्यालाही आधार आहे.

दक्षिण चीनच्या शेतकऱ्यांनी संत्र्यांच्या एका रोगाला 'हुआंगलाँगबिंग' नाव दिलं होतं. पिवळ्या शेंड्याचा रोग. हिरव्या झाडाची एखादीच फांदी पिवळी व्हायची, मग हळूहळू सगळं झाड. बराच काळ तज्ज्ञ म्हणत होते की पाणी साचलंय, मातीत काहीतरी कमी आहे. दक्षिण आफ्रिकेत हाच रोग खनिजांच्या विषबाधेच्या नावावर खपला. भारतात संत्र्याची झाडं वाळत होती, ती जस्ताच्या कमतरतेच्या खात्यात टाकली जात होती. दिसतही तसंच, कारण या रोगात पानांवर खरोखर जस्ताच्या कमतरतेसारखी लक्षणं येतात. बागायतदार बिचारे जस्त फवारत राहिले. १९५६ साली लिन कुंगशियांग या चिनी शास्त्रज्ञाने दाखवलं की रोगट झाडाचं कलम निरोगी झाडावर बांधलं की रोग पुढे जातो. म्हणजे हा संसर्ग आहे, उपासमार नव्हे. १९६७ साली पुण्याच्या संशोधन केंद्रात एस. पी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातला वाहक पकडला. तो म्हणजे सिट्रस सायला, पानाच्या देठाशी बूड वर करून बसणारा तिळाएवढा किडा. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या अन्नवाहिन्यांत जीवाणूसारखा काहीतरी दिसला.

चुकीच्या निदानाची किंमत काय असते ते फ्लोरिडाला विचारावं असं मला वाटत होतं, पण खरं म्हणजे फ्लोरिडाने २००५ साली रोग दिसल्यादिसल्या बरोबर ओळखला, तरी फार काही करता आलं नाही. तिथे २००३-०४ च्या हंगामात चोवीस कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२४-२५ मध्ये जेमतेम सव्वा कोटी. मधल्या काळात वादळंही झाली, पण मुख्य मार या रोगाचाच.

आता कढीपत्त्याचा यात संबंध असा: कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आणि हा किडा त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर ताव मारतो. म्हणून अमेरिकेत जिथे किडा आहे त्या भागांतून कढीपत्त्याची रोपं बाहेर न्यायला निर्बंध आहेत. मात्र तो जीवाणू कढीपत्त्यात तग धरत नाही असं प्रयोगांत दिसलंय. झाड किड्याला जेवू घालतं, रोगाला नाही. शिवाय काकूंचं झाड वीस वर्षांत मिनेसोटाबाहेर गेलेलं नाही, आणि कुटुंबात नवं रोप बाहेरून आलेलं नाही. आणखी एक खूण असते. रोगट संत्र्याचं पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखं पिवळं नसतं. डावीकडे एक डाग तर उजवीकडे भलतीकडेच. उपासमारीचं पान दोन्ही बाजूंना एकसारखं असतं. एवढं बघितलं की झालं.

पण बघायचं कसं? काकूंच्या घरी मी गेलो तेव्हा खोलीभर जांभळा उजेड पसरला होता. त्या उजेडात झाडाची सगळी पानं काळपट जांभळी, काही जरा गुलाबी. वॉलेसचं चित्रांचं पुस्तक शेजारी धरलं असतं तरी उपयोग शून्य. तर या जांभळ्या दिव्याचीही एक गोष्ट आहे.

विजेच्या दिव्यांखाली झाडं वाढवायचं वेड जुनं आहे. विल्यम सीमेन्स या अभियंत्याने १८८० साली इंग्लंडमधल्या आपल्या घराच्या बागेत कमानी दिवे लावून रात्रीची झाडं वाढवली. झाडांना रात्रीची विश्रांती लागतेच असं नाही, असं त्याला दिसलं. आणि हेही दिसलं की उघडा दिवा जवळ असला तर पानं करपतात, मध्ये काच धरली तर नाही. दहाएक वर्षांनी कॉर्नेलच्या लिबर्टी हाइड बेलीलाही तेच आढळलं. एलईडीची सुरुवात १९६२ साली निक होलोनियाकच्या लाल दिव्याने झाली, पण झाडांसाठी तो वापरायला १९९० उजाडलं. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी १९९१ मध्ये लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवल्याचं छापलं. गंमत बघा, निळा प्रकाश मात्र त्यांना ट्यूबलाइटमधून घ्यावा लागला, कारण चांगला निळा एलईडी तेव्हा जगात नव्हताच. तो नाकामुराने १९९३ मध्ये आणला. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा वाया जातो, मग वीज खर्च करून तो द्या कशाला? या हिशोबातून जांभळा दिवा जन्मला.

नुसता लाल पुरत नाही, हे दाखवणाऱ्यांत आपल्याकडचे बैष्णब चरण त्रिपाठी होते. जेएनयूचे हे शास्त्रज्ञ आणि क्रिस्टोफर ब्राउन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं की मुळांसकट तीव्र लाल उजेडात ठेवलेले गव्हाचे अंकुर हिरवेच होत नाहीत. मुळं झाकली की हिरवे होतात, आणि लाल उजेडात थोडासा निळा मिसळला तरी होतात. मला हा प्रयोग फार विलक्षण वाटला. खतपाणी सगळं ठीक, उजेड भरपूर, आणि तरी पान पिवळं, कारण उजेड भलत्या ठिकाणी पडतोय. १८४३ च्या ग्रीला हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं.

हिरव्याची गरज मात्र झाडाआधी माणसालाच पडली. नासाच्या केनेडी केंद्रात लाल-निळ्याखाली लेट्यूस वाढवताना लक्षात आलं की रोपं करडी-जांभळी दिसतात आणि त्यांना काही झालंय का हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून हिरवा मिसळून बघितला, तर तो पानांच्या खालच्या थरांपर्यंत जाऊन कामीही येतो असं निघालं. अंतराळस्थानकावर २०१४ मध्ये जी 'व्हेजी' नावाची बाग गेली, तिच्यात लाल, निळ्याबरोबर हिरवे दिवेही आहेत. तिथे २०१५ च्या डिसेंबरात झिनियाची रोपं बिघडली. पानांच्या कडांतून पाणी पाझरायला लागलं, पानं वळली, मग बुरशी आली. पृथ्वीवरची मंडळी फोटो बघून सूचना पाठवत होती आणि सूचना पोचेपर्यंत रोपांची तऱ्हा बदललेली असायची. पंखा वाढवला तर रोपं सुकायला लागली. शेवटी अंतराळवीर स्कॉट केली म्हणाला, पाणी कधी घालायचं ते इथे रोपासमोर असलेल्या माणसाला ठरवू द्या. त्याला परवानगी आणि एक पानी टिपण दिलं. काही रोपं गेली, काही सावरली, आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल उमललं.

तर काकूंच्या घरी मी आधी तो जांभळा दिवा बंद केला आणि कुंडी खिडकीशी ओढली. (बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता, पाच मिनिटांत झाड गारठलं असतं.) साध्या उजेडात पाच सेकंदांत दिसलं: खालची पानं गर्द हिरवी, वरची तीन-चार पानं लिंबासारखी पिवळी, त्यांत शिरांची हिरवी जाळी, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी. भिंग घेऊन देठ बघितले, किडा नाही, अंडी नाहीत. माती ओली गच्च. हेही एलईडीचंच देणं. जुने दिवे तापायचे, कुंडी वाळायची. एलईडीखाली पान थंड राहतं, पाणी कमी पितं, आणि आपण मात्र सवयीने तेवढंच घालतो. कुंडी हिवाळाभर खिडकीच्या गार फरशीवर. गार, ओल्या, चुनखडीच्या मातीत मुळं लोह घेणार कशी?

काकूंना म्हटलं, "काकू, झाड उपाशी आहे, रोगी नाही. पिल्लंही राहू द्या."

त्या काहीच बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला, आणि बाहेर आल्या त्या सासूबाई कढीलिंब कसा तोडायच्या ते सांगत. पान ओरबाडायचं नाही, आख्खी डहाळी काढायची, म्हणजे तिथून दोन फुटतात.

कुंडी लाकडी पाटावर ठेवली, पाणी निम्म्यावर आणलं, नळाच्या पाण्याऐवजी वितळलेलं बर्फाचं पाणी (ते काय, दाराबाहेर ढिगाने होतं) खोलीच्या उबेला आणून द्यायला सुरुवात केली, आणि लाल चिलेट. तीन आठवड्यांनी नवी पालवी आली ती हिरवी. मधली काही पिवळी पानं बरीचशी भरून आली, अगदी पांढरट झालेली गळली. दिवा काकूंनी बदलून पांढरा घेतला, कारण, त्यांच्या शब्दांत, "त्या उजेडात घर म्हणजे लग्नाचा हॉल वाटायचा."

मग बाकीच्या सहा घरांतूनही फोन आले. पाच झाडं ठीक होती. सहाव्याची खालची पानं सरसकट पिवळी होऊन गळत होती, शेंडे मात्र हिरवे, लांब आणि लुकडे, दिव्याकडे माना काढलेले. दिवा झाडापासून चार फूट वर टांगलेला. मी सांगितलं, याला लोह नको, दिवा खाली घ्या आणि रोज दोन तास जास्त लावा. त्या घरातल्या गृहस्थांनी दिवा खाली घेतला, दोन तास वाढवले, आणि शिवाय चार गंजके खिळेही पुरले. झाड आता उत्तम आहे आणि खिळ्यांचा गुण आला असं ते सगळ्यांना सांगतात.